फौजदार भर रस्त्यात बसतो

तीर्थरूप आत्यास,

कंबर वाकेल तितकं वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (‘बरा आहे’ असं कळवू नकोस, खरं कळव.) आम्ही सगळे मजेत आहोत आणि तुझा फौजदारही मजेत आहे. एखादा राजहंस इतका मजेत असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

सिनेमाचं काम झकास चाललंय. घोडे, धूळ, टोप्या आणि बंदुका असलेले ते जुने इंग्रजी सिनेमे मी लहानपणी इतके पाहिलेत, की गोठ्यातली जनावरं घेऊन तसा एक काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ. दूधवाल्यांनी चाऱ्याचा ट्रक येईपर्यंत गोठ्यामागचं अंगण दिलंय. पाट्या रंगवणं हा माझा धंदाच, तेव्हा मधे रस्ता सोडून प्लायवूडची बँक, तुरुंग आणि ढकलून आत शिरायच्या दारांचा दारूचा गुत्ता मीच उभा केला. (तुरुंग जरा शाळेसारखा दिसतो, पण चालतं.) दरोडेखोर म्हणजे दूधवाल्यांचा बोकड. तोंडावर बांधलेला काळा रुमाल त्याने खाल्ला, मग ‘याला पकडून द्या’ असं लिहिलेला स्वतःचाच कागदही खाल्ला. मुरलेला गुन्हेगार! त्याच्याशी भर दुपारी, भर रस्त्यात सामना करणार तुझा फौजदार, गळ्यात पत्र्याचा बिल्ला अडकवून. आल्यागेल्याच्या पोटऱ्या धरणारा असा नायक मला कुठे मिळाला असता? सगळा सिनेमा त्या एका सामन्यावर उभा आहे.

कॅमेरा मेहुण्याकडे दिला होता. लग्नांची शूटिंगं करून त्याचा हात चांगला बसलाय. फौजदार ऐटीत रस्त्याच्या मधोमध गेला आणि तिथल्या पेंढ्यावर बसला, तो उठेचना. (मला वाटलं, अभिनय करतोय.) बोकड शिंगं रोखून आला. फौजदाराने बसल्या बसल्या मान लांब करून असा काही फुत्कार सोडला, की बोकड गुत्त्याची दारं गळ्यात घेऊन थेट गोठ्यात पळाला. आत्या, माझ्या अंगावर काटा आला! वळून बघतो तर मेहुण्याची आमच्याकडे पाठ. कडेला कोंबड्या दाणे टिपत होत्या, आणि जेवणाऱ्या मंडळींचा एकेक चेहरा घ्यायचा ही त्याची लग्नातली सवय. एकही कोंबडी सुटली नाही, सामना तेवढा सुटला. आता बोकड गोठ्याबाहेर पाऊल टाकत नाही. त्याला मी सहज पटवीन, काळजी नसावी.

तुझा कर्तबगार भाचा

ता. क. : फौजदार नर नाही. त्याने रस्त्यात अंडी घातली आहेत. उठत का नव्हता ते आता कळलं. याबद्दल तुझ्याकडच्या बाकी राजहंसांना काही ठाऊक आहे का, बघ.

ता. क. २ : चाऱ्याचा ट्रक वळतो तो नेमका तिथेच. दूधवाले म्हणतात, पक्षी उचला. मी प्रयत्न केला. (पोटरीवर मलम लावतोय.) तो तुझंच ऐकतो, म्हणजे ती तुझंच ऐकते, तेव्हा तू येऊन उचल.

ता. क. ३ : उचलू नकोस. आत्ता दुपारी ट्रक आला होता. ती अंड्यांवर पंख पसरून बसून राहिली, जराही हलली नाही. मला बघवेना, म्हणून मी ट्रकसमोर जाऊन उभा राहिलो. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, शेवटी तो मागे फिरला. मेहुण्याने या खेपेला सगळं नीट टिपलंय. मी डोळे घट्ट मिटून उभा आहे, ते अगदी स्वच्छ दिसतं. पुढच्या आठवड्यात ट्रक परत येणार आहे. आत्या, गुडघा कसाही असो, तू ये. माझ्या शेजारी नुसती उभी राहा.