विल्मानं ॲलनला चीत केलं, त्याची हकिगत

मु. वेल्हे

तीर्थरूप धोंडाक्काच्या पायांवर धाकट्या सोनबाचं डोकं.

अक्का, आज सकाळी अंगणात बसलो होतो आणि एकाएकी साठ वर्षांपूर्वीचा आवाज कानात घुमला. आपल्या शाळेच्या सुटलेल्या पत्र्याचा. थाड, थाड, जरा थांबून पुन्हा थाड, आणि त्याच ठेक्यावर आम्ही चाळीस पोरं कविता म्हणतोय. तू शेरडं घेऊन खिडकीबाहेर उभी. आमच्या आधी तुझी कविता पाठ व्हायची, पण तुझ्या हाती पाटी कुणी दिली नाही, म्हणून आज हे पत्र तुला तुझी नात मोहिनी वाचून दाखवते आहे. (मोहिनी, कंसातलं मनात वाच, आजीला ऐकवू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? किकवीला हायवेची धूळ फार, दार लावून बसत जा. इकडे सगळे खुशाल. मी तर विजयी आहे.

तू आणलेलं स्थळ गेल्या रविवारी घरी आलं. वरव्याचे रोहिदास, त्यांच्या सगुणाबाई आणि मुलगा सोमनाथ. आमच्या नातीला, प्रगतीला मुलगा पसंत, मुलाला प्रगती पसंत (दोघांनी हे एकमेकांना आधीच कळवलं होतं, असा माझा अंदाज). ताटात नारळ, हळदकुंकू, सुपारी. सुपारी फुटली की लग्न ठरलं, एवढंच बाकी. तेवढ्यात चहा पिता पिता रोहिदासांची नजर आमच्या गोठ्याच्या नव्या पत्र्यांवर गेली. जुने गेल्या पावसाळ्यातल्या तुफानात उडाले, असं मी सांगितलं. तेव्हा ते हसले. म्हणाले, "ह्याला काय तुफान म्हनायचं, तात्या? आमचा थोरला बंडू फ्लोरिडात नोकरीला हाय. तिकडं येत्यात ती वादळं! ऐंशी सालचा ॲलन! ताशी तीनशे पाच किलोमीटर! त्याच्यावर वारा कुनाचा न्हाई."

आता गोठा उडाल्यापासून मी मोबाईलवर अटलांटिकच्या वादळांखेरीज दुसरं काही बघत नाही, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? मी नम्रपणे म्हणालो (नम्रपणे नव्हे, मांडीवर थाप मारून) की सर्वांत बलाढ्य विल्मा, साल दोन हजार पाच. वादळाच्या पोटातला हवेचा दाब जितका खाली उतरेल, तितकं ते ताकदीचं. विल्माचा उतरला आठशे ब्याऐंशी मिलिबारपर्यंत. अटलांटिकात इतका खाली दुसऱ्या कुणाचा मोजलेला नाही. ॲलन आठशे नव्व्याण्णवावरच अडला. रोहिदास म्हणाले, "पत्रं दाबानं उडत्यात का वाऱ्यानं?" वादात मागे पडलो की माझी जीभ कशी सुटते, ते तुला माहीत आहे. मी म्हणालो, शड्डू मोठा ठोकला म्हणून कुणी पैलवान होत नाही.

अक्का, रोहिदास तरुणपणी कुस्त्या खेळायचे, हे तू मला सांगायला हवं होतंस. (आणि त्यांच्या शड्डूचंच नाव जास्त होतं, हेही.) अर्धा कप चहा तसाच ठेवून ते उठले. सोमनाथ प्रगतीकडे बघत बघत उंबऱ्याला अडखळला. सुपारी ताटात राहिली.

पण सत्य असं पाटावर बसून राहत नाही. बाजाराच्या दिवशी मी एसटी स्टँडासमोरच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि गेनूपुढे फिर्याद मांडली. गेनू म्हणजे जत्रेच्या आखाड्यातला पंच, पंचवीस वर्षं त्याचा निकाल कुणी मोडलेला नाही. त्यानं विचारलं, "तुमच्या बाईचा वारा किती?" मी म्हणालो, दोनशे पंच्याण्णव. "म्हंजे दहा किलोमीटरनं मागं, अन् दाबात सतरानं पुढं. ॲलन चितपट!" त्यानं स्वतःच्या डोक्यावरचा फेटा माझ्या डोक्यावर ठेवला, कुणीतरी गुलाल आणला, हलगीवाला बाजारात होताच. माझी वरात निघाली, अक्का! आपल्या वर्गातल्या चालीवर मी चालता चालता रचलं:

ॲलन धावे वाऱ्यावरती, धूळ उडवितो दाही दिशा,
विल्मा हसते उगी मनाशी, तिच्याच हाती विजय-ठसा.

तोरण्यावर ऊन उतरलं होतं आणि मला वाटलं, खिडकीबाहेर तू उभी आहेस.

दार प्रगतीनं उघडलं. माझ्या डोक्यापासून पायापर्यंतचा गुलाल पाहिला, माझ्या हातातला मोबाईल काढून फडताळावर ठेवला आणि आत गेली. तेव्हापासून ती भाकरी वाढते, पण भाकरी ताटात जरा जोरात पडते. असो. विजय तो विजय.

तुझा लाडका,
सोनबा

ता. क. : गुडघे बरे असतील तर एकदा वरव्याला जाशील का? रोहिदास तुझा शब्द मोडत नाहीत. पोरगी काल विहिरीवर एकटीच बसली होती. मी हाक मारली, तर डोळे पुसून म्हणाली, धूर गेला. विहिरीवर कुठला धूर, अक्का?

दुसरा ता. क. : (मोहिनी, हे मोठ्यानं वाच.) तुफान आलं त्या दिवशी मी गोठ्यातच होतो. पत्रे वाऱ्यानंच उडाले. वाऱ्यात ॲलनच थोरला, हे मला कबूल आहे. रोहिदासांना तसं सांग. (गेनूला नको. फेटा परत मागेल.)

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवत होतो, तोच दाराची कडी वाजली. बघतो तर सगुणाबाई! त्या दिवशी एक शब्दही न बोललेल्या सगुणाबाई. हातात अडकित्ता. म्हणाल्या, "तात्या, दाब अन् वारा तुमी दोगं लगीन झाल्यावर जन्मभर भांडत बसा. आमचं मालक चार दिस धड जेवलं न्हाईत. सुपारी कुठं हाय?" मागे फाटकाशी रोहिदास, तोरणा पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे तिकडे तोंड करून उभे. तिथूनच ओरडले, "आदी इचार, ॲलनचा वारा मान्य हाय का!"

मान्य, म्हणून मी इतक्या जोरात ओरडलो की प्रगती पिठाच्या हातांनी बाहेर आली. अक्का, वरव्याला जाऊ नकोस, सरळ इकडेच ये. आत अडकित्ता वाजला.