उजवी स्टिक

३ एप्रिल २०२५, मालेगाव (जि. वाशीम)

सन्मतीचं नाव ऐकलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

पुण्याहून किसनसिंग नावाच्या इंजिनिअरचा फोन होता. त्याची कंपनी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन काढते आहे. आधी मशीन बनवायचं आणि मग गेमवाल्यांनी रडत बसायचं, असं त्याला नको आहे. म्हणून साचा बनवायला देण्याआधीच (एकदा दिला की मग काही बदलता येत नाही) आम्हा काही गेम बनवणाऱ्यांना बसवून विचारणार — कंट्रोलर कसा हवा, बटणं किती हवीत. मी लगेच हो म्हटलं. मग त्यानं बाकीची नावं वाचली. सन्मती, वाशीमचा. ‘जोडी’ घेऊन येतोय.

‘जोडी’ माझी आहे. शंकरपटाचा, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीचा गेम — कंट्रोलरवर अंगठ्यानं फिरवायच्या दोन स्टिक, डाव्या स्टिकवर एक बैल, उजव्या स्टिकवर दुसरा. वाशीमच्या पाटणी चौकातल्या खोलीत बसायचो दोघं, पण बैल पळवले मी. बाबा दवाखान्यात होते तेव्हा हा एकटा हैदराबादला गेला आणि तिथल्या स्पर्धेत स्वतःच्या नावानं गेम देऊन आला. वर मला म्हणतो, "तुहं नाव टाकाचं राहून गेलं."

राहून गेलं!

५ एप्रिल

जाणार. त्याच्यासाठीच जाणार.

१९ एप्रिल, पुणे

केलं.

किसनसिंगनं दोन स्टिकवाला नमुना टेबलावर ठेवला आणि विचारलं, यात काय बदलू? मी हात वर केला. उजवी स्टिक काढा म्हटलं. आमच्याकडच्या धुळीत ती लवकर खराब होते, दुरुस्त करणारा गावात मिळत नाही, लहान पोरांचा अंगठा तिथवर पुरत नाही. यातलं काही खोटं नाही, तेच बरं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या गेमना एक पुरते.

सन्मतीचं तोंड उतरलं. माझ्या गेमला दोन्ही लागतात म्हणाला.

किसनसिंगनं शांतपणे विचारलं, "का? दोन्ही बैल एकाच स्टिकवर पळवले तर काय बिघडतं?"

त्याला सांगता येईना. येणार कसं? जोडीतला एक तापट, एक थंड. एकाला सोडायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याला आवरायचं — सगळा गेम तेवढाच आहे. मला उत्तर येत होतं. मी बाटली उघडून पाणी प्यायले. किती गोड लागलं ते पाणी!

२० एप्रिल

परतीची बस. रस्ताभर मी त्याचं ते तोंड आठवत होते.

९ मे

एका स्टिकचा नमुना घरी आला. किसनसिंग म्हणतो, अजून पक्कं नाही. बाकी सगळे तयार आहेत, पण ‘जोडी’मुळे त्याचं मन अडलंय. वापरून बघा म्हणाला, मग ठरवू.

अडू दे. किती दिवस अडेल?

१३ मे

सन्मती आला. वाशीमहून मोटारसायकलवर, भर उन्हात. आईनं ओळखलं, पाणी दिलं आणि आत गेली.

बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. वजन कमी झालंय त्याचं. मग म्हणाला, "त्या दिवशी किसनसिंगले तू सांगू शकत होती."

"माहा गेम असता तं सांगतलं असतं."

चुकलो, असं काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, ऊन वाढून राह्यलं, निघ. दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

१४ मे

आज दोन घास जास्तच जेवले.

१७ मे

गंमत म्हणून माझ्याकडची जुनी ‘जोडी’ त्या नमुन्यावर चढवली. दोन्ही बैल एकाच स्टिकला बांधले. पळाले. सरळ, सारखे.

आई मागे येऊन उभी राहिली. तिचं माहेर धनजचं, पट बघतच वाढलेली. थोडा वेळ बघून म्हणाली, "हे बैल नाही वाटून राह्यले, दीपा. ऑटो वाटून राह्यला."

मी हसले. पुन्हा एकदा खेळले, आणि मग हसू येईना. त्या थंड बैलाला चालायला शिकवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला होता. तो मागे रेलायचा, अंगठ्याला ओढ जाणवायची. काहीच नाही आता. आणि यात सन्मतीचं काय गेलं? तो कुठूनही दुसरा गेम आणेल. बैल तर माझे मेले.

किसनसिंगला सांगावं लागेल. स्टिक का काढायला लावली तेही. लाज वाटेल, वाटू दे. उद्या रविवार आहे. सोमवारी.

१९ मे

फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. किसनसिंगनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, सन्मतीनं चौदा तारखेलाच पुण्याला येऊन गेम माझा असल्याचं कबूल केलं. ‘जोडी’ आता माझ्या नावावर आहे, कागद तयार झाले की कळवणारच होता.

"मॅडम, मला काळजी फक्त त्याच्या गेमची होती. तो तुमचा निघाला. आणि एक स्टिक पुरे असं तुम्हीच म्हणत होता. मग मी कशाला थांबू? शनिवारी साचा बनवायला दिला."