पाहुणे खरं बोलत नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

‘‘तुझ्यासमोर कुणाला खोटं बोलवत नाही.’’

बाबा म्हणाले होते. मी कॉलेजात होते, शिरगणतीच्या कामासाठी उन्हाळाभर जबल हुसैन वस्तीतले जिने चढत-उतरत होते. आता बाबा नाहीत. वाक्य आहे. विमा कंपनीतली नोकरी सोडली ती या एका वाक्याच्या जिवावर – हे कुणाला सांगितलेलं नाही. रामीला तर नाहीच.

आज त्याचा कुवेतहून फोन. रमजान लागेपर्यंत बघ, मग हे दुकान बंद कर, म्हणाला. विमावाल्यांनी परत घेतलं तर नशीब समज. भाऊ आहे, काळजीनंच बोलतो. पण ‘दुकान’!

काय करते मी? घरच्या घरी एकट्यानं व्हिडिओ गेम बनवणारी माणसं असतात. वर्षानुवर्षं एकाच खेळात बुडालेली. तो कोण घेईल, का घेईल, हे विचारायला त्यांच्याकडे कुणी नाही. चुलत भावंडांना दाखवतात, भावंडं टाळ्या वाजवतात. म्हणून मी. अनोळखी लोकांना बोलावते, खेळायला देते, प्रश्न विचारते, अहवाल लिहिते. कल्पना चांगली आहे. अजूनही वाटतं.

गिऱ्हाईक मात्र एकच टिकलंय – वज्दी. दिवसा बँकेत, उरलेला वेळ खेळात. त्याचा अहवाल गेल्या आठवड्यात दिला. आयुष्यात इतकं छान काही लिहिलं नव्हतं. सगळ्यांना खेळ आवडलाय, सगळ्यांना!

तो गुरुवारच्या मेळाव्यात चार लोकांत माझ्याबद्दल बोलला तर जगेन. नाहीतर रामी म्हणतो तसं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाण्याचा दिवस. चादरी, पडदे, आईचे केस, माझे केस, जिना. हात सुरकुतलेत, जास्त लिहवत नाही.

वज्दीचा खेळ हाच तर आहे! एका इमारतीची गच्ची तुमची. नळाला पाणी आठवड्यातून एकदाच. टाक्या भरायच्या आणि आठवडा काढायचा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आपलं आयुष्य कुणी इतकं नीट बघितलं म्हणून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वैब्दे भागातल्या एका कॅफेत खेळ बनवणाऱ्यांचा मेळावा. वज्दी उठून उभा राहिला. मला तो उस्ताझा म्हणतो, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. म्हणाला, उस्ताझा मैसून यांचा अहवाल वाचून मला पहिल्यांदा वाटलं की मी वेडा नाही. आता बँक सोडतोच. लोक हसले. दोघांनी माझा नंबर घेतला. दोघांनी!

घरी आले तर जिन्यात चपला-बुटांची गर्दी. समोरच्यांच्या मुलीला मागणी घालायला मंडळी आली होती. आई आत बसून सगळं बघून आली आणि मला पुन्हा करून दाखवलं – मुलाच्या काकांनी कॉफीचा कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. ‘आमचं मागणं पुरं करा, मगच पिऊ.’ मुलीच्या वडिलांनी मुद्दाम वेळ लावला म्हणे. कॉफी गार होत चालली, काकांचा चेहरा पडत चालला! शेवटी वडील म्हणाले, प्या, दिली मुलगी. आई हसून हसून खोकली.

बऱ्याच दिवसांनी मीही हसले.

८ फेब्रुवारी, शनिवार

काहीतरी चुकतंय.

खेळून बघायला आलेल्या प्रत्येकाला मी खेळ घरी न्यायला दिला होता. तो कधी उघडला, किती वेळ चालला याची नोंद आपोआप होते. वज्दीनं ती बघितलेलीच नाही – ‘तुम्हीच बघा उस्ताझा, मला भीती वाटते’ म्हणून परवलीचा शब्द पाठवला होता. अहवालाच्या घाईत माझंही राहिलं. आज बघितलं.

कुणीच उघडलेला नाही.

म्हणजे पहिल्या संध्याकाळी उघडला, जरा वेळ चालला, बंद केला. पुन्हा कुणीही नाही. ‘रोज खेळेन’ म्हणालेले सगळे. ‘हात सलामत राहोत बनवणाऱ्याचे’ म्हणालेले सगळे.

नोंदीतच चूक असणार. असायलाच हवी.

१० फेब्रुवारी, सोमवार

नोंदीत चूक नाही.

हनादीकडे गेले. आमच्या रस्त्यावर औषधांचं दुकान आहे तिचं, तीही खेळायला आली होती. तिनं आधी टाळलं. खोकल्याचं औषध हवं का विचारलं. मग आतल्या स्टुलावर बसवलं.

‘‘मैसून, तुझ्या आईनं स्वतः खजूर भरून मामूल केले होते. वर मला डबा भरून दिला. आणि मी तोंड वर करून सांगू, की खेळ आवडला नाही?’’

‘‘मी तेच तर विचारत होते.’’

‘‘विचारत होतीस. पण डोळे कसले करतेस विचारताना! तुझ्याकडे बघून कुणाला वाईट बोलवेल का गं?’’

मग खरं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी दार वाजवते, पाणी आहे का विचारते. दिलं तर आपली टाकी संपते, आपण हरतो. नाही म्हटलं की जिंकतो. ‘‘असं कुणी करतं का? मी तिला पाणी दिलं, हरले. परत दिलं, परत हरले. मग बंदच केला. शेजारणीला नाही म्हणायला मी खेळ कशाला खेळू?’’

माझ्या अहवालात ही म्हातारी कुठेच नाही. मी सगळ्यांना आईच्या बैठकीत बसवलं, वेलचीची कॉफी दिली, उबेची शेगडी त्यांच्याकडे वळवली. आणि मग म्हटलं, आता खरं बोला! चाचणी नव्हती ती. मेजवानी होती.

आणि वज्दी त्या कागदावर बँक सोडायला निघालाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गच्चीवर टाकी भरतेय का बघायला आईबरोबर गेले आणि तिथे सगळं सांगून टाकलं. बाबांचं वाक्यही. आई नळीकडे बघत होती.

‘‘त्या उन्हाळ्यात तुला कुणी दार उघडत नव्हतं,’’ म्हणाली. ‘‘रोज रडत यायचीस. काम सोडते म्हणालीस. तेव्हा बोलले ते. बाप होता. दुसरं काय म्हणणार?’’

मला हे आठवतच नाही. रडणं आठवत नाही. फक्त वाक्य आठवतं.

आई म्हणाली, नळी धर, हलतेय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वज्दीला निरोप लिहिला, पुसला. लिहिला, पुसला.

मेळाव्यातल्या दोघांचे फोन. दोघांनाही अहवाल हवाय – ‘वज्दीसारखा’. अगदी हेच शब्द. गप्प राहिले तर हे दोघं येतील, त्यांच्यामागून आणखी येतील. रामीला दाखवता येईल. सांगितलं तर पहिला अहवाल खोटा निघालेल्या बाईकडे कोण येणार? किती दिवस झाले, जेवण उतरत नाही.

पण त्यानं राजीनामा दिला तर? घरात बायको रुबा आहे, लहान मूल आहे.

उद्या सांगते. उद्या नक्की.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं!

त्याच कॅफेत. सगळं – नोंदी, मामूल, म्हातारी. वज्दी चहातली मैरमिय्याची सुगंधी पानं चमच्यानं बाजूला सारत राहिला. मी विचारलं, राजीनामा दिला नाहीस ना?

‘‘छे, अजून कुठे! बरं झालं वेळेत सांगितलंत. फार उपयोग झाला, उस्ताझा. हात सलामत राहोत तुमचे.’’

हसला. माझी पिशवी गाडीपर्यंत आणून दिली.

त्या दोघांनाही फोन करून खरं काय ते कळवलं. एकानं ‘कळवतो’ म्हटलं, दुसऱ्यानं तेही नाही. दुकान गेलं बहुतेक. जाऊ दे. माणूस वाचला. आज पोटभर जेवले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रुबाचा फोन. वज्दीची बायको. हळू आवाजात बोलत होती, बाथरूममधून असावी. मी केला होता हे त्याला सांगू नका, म्हणाली. विमा कंपनीत तुमच्या ओळखीनं त्याला काही मिळेल का?

मला कळेना. म्हटलं, पण बँक?

‘‘बँक त्यानं तुमचा अहवाल आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोडली. मेळाव्यात ‘सोडतोच’ म्हणाला तेव्हा ती सुटलेलीच होती. गुरुवारी घरी आल्यावर म्हणाला, उस्ताझांना कसं सांगणार? तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं.’’

‘फार उपयोग झाला.’ ‘हात सलामत राहोत.’ शब्द तेच होते. माझ्या कागदावर इतक्यांदा उतरवलेले! आणि मी परवा पुन्हा खरे मानून घेतले. पोटभर जेवले!

१६ फेब्रुवारी, रविवार

त्यांच्या जिन्याखाली बसून लिहितेय. आता वर जाईन. रुबा कॉफी आणेल. मी कप न पिता खाली ठेवीन. वज्दी समजेल, चपापेल. म्हणेल, मागा उस्ताझा, काय हवं ते. त्याला वाटेल मी माफी मागायला आलेय. माफी तर तो लगेच देईल, हसत देईल.

ती नकोय. त्या म्हातारीला पाणी देऊनही जिंकता येईल असा खेळ त्याच्या शेजारी बसून बनवायचाय मला, लागेल तितका वेळ. पण माझ्याशी असा गोड बोलणाऱ्या माणसाबरोबर ते कसं जमणार?

म्हणून एवढंच मागणार. तो नाही म्हणेल, कॉफी गार होईल, माहीत आहे – वज्दी, एकदा माझ्या तोंडावर मला वाईट बोल.