शिशाच्या एप्रनची घडी

लिहून देणार मी, वय सव्वीस, शिक्षण सातवीपर्यंत. एक्स-रे चालू ठेवून हृदयाच्या नळ्या उघडतात, त्या खोलीत मदतनीस. डोकं ठिकाणावर आहे, दारू प्यालेलो नाही, कुणाची जबरदस्ती नाही. भीती मात्र आहे. माझ्यामागे कटकट नको म्हणून हे मृत्युपत्र करतो.

१. घरातला माझा हिस्सा आईला. ती असेपर्यंत तिला कुणी "खोली रिकामी कर" म्हणायचं नाही. दादा, हे तुलाच लिहिलंय.

२. मोबाईल ताईला. एप्रन घातलेला माझा फोटो आईला दाखवू नये. ती विचारेल, एवढं जड का घालतोस?

३. सायकल माझ्या भाड्याच्या खोलीतल्या जोडीदाराला, त्याने न विचारता नेऊन दोनदा पंक्चर केली असली तरी.

४. मुकादमाला काही नाही. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "हँगर कमी आहेत. घडी घालून फळीवर ठेव. चादरीची घालतोस ना?" एप्रन, किरणांपासून गळा झाकायचे गळपट्टे, सगळ्यांची दोन वर्षं घडी घातली. आत शिसं असतं, वाकवलं की भेगा पडतात, भेगेतून किरण आत जातात, हे कुणी सांगितलं नाही. गेल्या महिन्यात तपासणीवाल्याने डॉक्टरांचा गळपट्टा मशीनखाली धरला. पडद्यावर काळ्यात पांढऱ्या रेघा. मुकादम म्हणाला, "जुना झाला असेल." मीही मान हलवली.

५. डॉक्टर अकरा वर्षं मशीनला डावी बाजू देऊन उभे आहेत. पाठ गेली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. आता गळ्याला डावीकडे गाठ. गुरुवारी सुई घालून तपासणार आहेत. गाठ त्या भेगांनी झाली का, मला कळत नाही. कळणारेही छातीठोक सांगत नाहीत. किरण सुरू झाले की डॉक्टर मला ओरडतात, "मागे सरक रे, तुझं लग्न व्हायचंय अजून!" पण पेशंट हलला की धरायला मीच. दाढी करताना माझ्याही गळ्याला वाटाण्याएवढं काही लागतं. कुणाला बोललो नाही. झोपताना तिथे हात जाऊ नये म्हणून हात उशीखाली ठेवतो.

६. भिंतीत मी स्वतः सहा जाड हुक बसवलेत. ते खोलीलाच. एप्रन टांगायचे, घडी घालायची नाही.

७. मी शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरांनीच द्यायचाय. डॉक्टर, आधी कलम चार वाचा. घडी घालणारा मी. मान हलवणाराही मीच. मग वाटलं तर सही करा.

ठिकाण : कपडे बदलायची खोली. मंगळवार, सात तारीख.
लिहून देणाऱ्याची सही.

साक्षीदार : सिस्टर. (वाचलं. शुद्धलेखन तेवढं सुधारलं.)

साक्षीदार व दाखला : लिहून देणारा पूर्ण शुद्धीवर आहे. गळा तपासला, गाठ आहे. गळपट्टे दर वर्षी तपासून घेणं माझं काम होतं, मी टाळलं. गुरुवारी आठ वाजता दोघं जाऊ. आधी मी आत जाईन. तू मागे थांब, तुझं लग्न व्हायचंय अजून.
डॉक्टरची सही.