शेवंतीच्या खुरांचा वास

फाल्गुन शुद्ध ३, शके १८२५. धार

शेवंतीला गोळी घालणार म्हणे! माझ्या घोडीला!

सकाळी जाऊबाई सांगत आल्या. "उमा, तुझ्या घोडीचे खूर सडलेत गं. घाण येते. बाकीच्या जनावरांना लागायला नको म्हणून..." पुढे बोलवेना त्यांना. बोलवते धनी भावजी – प्रतापराव, माझे थोरले दीर, घरातले कर्ते. आमचे 'हे' दरबारच्या कामाने कुक्षीला, होळीशिवाय येत नाहीत. तेवढ्यात उरकून घ्यायचे असेल!

शेवंती माहेरची. देवासला आबांच्या हाताखाली अख्खी पागा होती. चालायला लागल्यापासून मी घोड्यांचे खूर बघत आले. सडका खूर मला कळत नाही?

शुद्ध ४

तबेल्यात गेले. चारही खूर उचलून पाहिले. वास आहे – खोटे कशाला लिहू. ओकारी येईल असा. पण खूर टणक, गार. मधला मऊ भाग अंगठ्याने दाबला तरी पाय हिसडला नाही. लंगडत नाही. चंदी चाटूनपुसून खाते. खूर सडलेले जनावर असे असते का?

दुपारी भावजींनी नालबंद बोलावला. त्याने एकच खूर उचलला, तोही अर्धवट, आणि भावजींच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "सड़ी गयो है, सरकार." असा संताप आला! दाराआड उभी होते म्हणून, नाहीतर...

खरे काय ते घोड्यांची निगा राखणाऱ्या गणोजी मोतद्दाराकडून कळले. भावजींचा नवा काठेवाडी घोडा येतोय. त्याला तबेल्यातला गार कोपरा हवा. शेवंतीचा!

शुद्ध ६

काल खूर कडुनिंबाच्या पाण्याने धुवून घोडी अंगणात चिंचेखाली बांधायला लावली. आज सकाळी हुंगले – काही नाही! गवताचा, मातीचा, नेहमीचा तोच वास. पुन्हा जागेवर नेली. संध्याकाळी तीच घाण!

खूर नाही, जमीन! फरशीखाली काहीतरी आहे.

जाऊबाईंकरवी भावजींना निरोप धाडला. उत्तर आले – "आता जमिनीलाही रोग झाला का? माहेरी एवढेच शिकवले?" आबांना मध्ये ओढायचे काय काम?

शुद्ध ८

काठेवाडी आला. शेवंतीला उन्हात काढून भावजींनी त्याला कोपऱ्यात उभा केला. करा!

शुद्ध ९

काठेवाड्याच्याही खुरांना घाण! आधी हसू आले. मग ऐकले, भावजी म्हणताहेत, "त्या घोडीनेच लागण दिली." उद्या सकाळी गोळी.

शुद्ध १०

आज बोलले. समोरासमोर. लग्न होऊन आल्यापासून भावजींपुढे कधी तोंड उघडले नव्हते.

ते बंदूक घेऊन अंगणात आले. मी शेवंतीपुढे जाऊन उभी राहिले. जाऊबाई "अगं, अगं" करीत माझा पदर ओढताहेत. म्हटले, "आधी कोपऱ्यातली फरशी काढा. खाली काही निघाले नाही तर मीच लगाम धरते. मग घाला गोळी."

"बाईमाणसाने या भानगडीत –"

"फरशी काढा!"

केवढ्याने ओरडले! माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

गणोजीने कुदळ आणली. भावजींनी ती त्याच्या हातून हिसकावली. "मीच दाखवतो हिला!"

पहिलीच फरशी उचलली – उंदीर. मेलेले, फुगलेले, एकावर एक. वर घोड्याचे वजन पडले की सगळी घाण फटीतून वर यायची आणि खुरांना लागायची. भावजी रागारागाने शेपट्या धरून एकेक बाहेर फेकू लागले. मी बघत उभी. बघा म्हणावे, बघा आता!

गणोजी मात्र मागे सरला. "सरकार, हात लावू नका. इंदूरला असेच उंदीर पडले होते. त्यानंतर प्लेगचा, गाठीचा ताप आला."

भावजी तसेच उभे. हातात उंदीर.

मी जिंकले. पुन्हा लिहिते – मी जिंकले!

शुद्ध ११

घर सोडले. नालछ्याच्या वाटेवर, माळावर झोपड्या घातल्या. आमच्यामागून गल्लीतलीही माणसे आली. शेवंती आणि काठेवाडी एकाच पळसाला बांधलेत. दोघांचे खूर स्वच्छ.

भावजी माझ्याकडे बघत नाहीत. चुकले म्हणायला जीभ झिजते का? जाऊबाई म्हणतात, "विसर आता." का विसरू? गोळी चालली असती तर?

शुद्ध १२

आज पाण्याची घागर मी त्यांच्या दाराशी मुद्दाम आदळून ठेवली.

शुद्ध १४

भावजींना पहाटे ताप भरला. काखेत गाठ आहे.

जाऊबाई बाहेर बसल्या होत्या. मी आत गेले. डोळे तांबडे झालेत. मला ओळखले. "उमाबाई, घोडी घ्या. देवासला आबांकडे निघा. आत्ताच."

गेले नाही. उशाशी बसून पाणी पाजते आहे.