आलेखातला खड्डा

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की एव्हाना माझा रागही शिळा व्हायला हवा होता. पण परवा ऑफिसात एका मुलीने माझ्यासमोर एक आलेख ठेवला आणि मी थेट तुमच्या लॅबमध्ये जाऊन उभा राहिलो. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतोय, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं. मी तुम्हाला कदाचित आठवणार नाही. खाडीकडच्या गावातून बाइकवर डोंबिवलीला यायचा, गळ्यात सोन्याची चेन घालायचा, तो आगरी मुलगा. तुमच्या वर्गात तसा मी एकटाच होतो, त्यामुळे आठवतही असेन. आणि तुम्ही विसरलात असं म्हणालात, तरी मला ते खरं वाटणार नाही. संशयी स्वभाव माझा मूळचाच, पण त्याला खतपाणी तुम्ही घातलंत.

कंट्रोल सिस्टीम्सच्या पहिल्याच तासाला तुम्ही गीझरचं उदाहरण दिलं होतं. नळ फिरवला तरी गरम पाणी जरा उशिराने येतं. तेवढा धीर आपल्याला नसतो, म्हणून आपण आणखी फिरवतो, मग पोळतं. घाईघाईने उलटा फिरवतो, मग गारठतो. दुरुस्ती उशिरा पोचली की ती दुरुस्तीच बिघाड वाढवते. म्हणून कुठल्याही यंत्राला आधी सावकाश हलवून बघायचं, मग भराभर, मग आणखी भराभर. ते किती साथ देतं आणि किती मागे पडतं ते मोजायचं, कागदावर उतरवायचं, आणि हाताबाहेर जायला अजून किती जागा शिल्लक आहे ते बघायचं. त्या शिल्लक जागेचं नाव मार्जिन. "स्थिर आहे, एवढंच मला सांगू नका," तुम्ही म्हणायचात. "किती स्थिर आहे ते सांगा. आत्ता उभा आहे म्हणजे पडणार नाही, असं नसतं." वर्गातले बाकीचे हे परीक्षेपुरतं लिहून घ्यायचे. मला ते इतकं पटलं की मी तेव्हापासून माणसांनाही तसंच बघतो. कोणी फार गोड बोललं की हा किती धक्क्यापर्यंत गोड राहील, असं मनात येतंच.

सबमिशन जवळ आलं की रीडिंग शिजवायची आमची रीत तुम्हाला पुरती ठाऊक होती. आधी सूत्रातून उत्तर काढायचं, मग उत्तराला शोभतील असे आकडे तक्त्यात भरायचे, आणि वर एखादा आकडा थोडा बिघडवायचा म्हणजे खरं वाटतं. मी तसं केलं नव्हतं. त्या प्रॅक्टिकलला मी लॅब बंद व्हायची वेळ होईपर्यंत एकटा बसलो होतो, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा होता. का बसलो होतो, तेही सांगतो. तुमच्याकडून एकदा तरी शाबासकी हवी होती.

मी जर्नल घेऊन उभा आहे. तुम्ही चष्मा नाकावर ओढून माझा आलेख बघताय, आणि मला वाटतंय आता मान हलेल.

"खड्डा कुठे गेला?" तुम्ही विचारता.

"कसला खड्डा, मॅडम?"

"जो सगळ्यांच्या आलेखात येतो तो. लाटा सोडणारा तो फंक्शन जनरेटर जुना आहे. रेंज बदलली की त्याचं आउटपुट पडतं. ज्याने खरोखर रीडिंग घेतली त्याला तिथे खड्डा मिळतोच. मी तो दुरुस्त करून घेत नाही, कारण चोर त्यातच सापडतात."

खड्डा म्हणजे काय तेच मला माहीत नाही. माझं गप्प राहणं तुम्ही कबुलीच धरता. "घरच्यांनी जमीन विकली की रीडिंगही विकत मिळतात वाटतं," असं म्हणून तुम्ही पानावर लाल रेघ मारता. वर्ग हसतो. ते हसू मी अजून विसरलेलो नाही, मॅडम, आणि ते वाक्यही नाही.

त्या दिवशी घरी जेवलो नाही. आईने चुलीवरची भाकरी तशीच झाकून ठेवली. काय झालं ते ऐकून बाबांनी ओट्यावरून विचारलं, "बाला, तुनं खोटा केला का?" मी नाही म्हटलं. "मंग भितंस कशाला?" एवढं बोलून ते बाहेर गेले. मी घाबरलो नव्हतो, मला अपमान लागला होता, पण तो फरक त्यांना समजावणं मला तेव्हा जमलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी चेन घालणं सोडलं.

खड्ड्याचा उलगडा पुढे नोकरीत झाला, तसलाच एक म्हातारा जनरेटर हाताशी आला तेव्हा. रेंज बदलल्यावर त्याचं आउटपुट पडायचं. बाकीची मुलं सुरुवातीला एकदा इनपुट, म्हणजे जनरेटरमधून यंत्रात जाणारी लाट, लावून मोकळी व्हायची, म्हणून त्यांना खड्डा मिळायचा. मी दर रीडिंगआधी इनपुट मोजून पुन्हा जागेवर आणत होतो, म्हणून मला मिळाला नाही. आणि तसं करायचं कोणी शिकवलं होतं? तुम्हीच. तुमच्या सापळ्यात तुमचं ऐकणारा एकटाच अडकला! हे तुम्हाला माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. निदान नंतर तरी कळलं असणार. कारण निवृत्त होताना तुम्ही मला बोलावून तुमचा स्वतःचा फ्रेंच कर्व्ह दिलात, वक्र रेघा ओढायची ती प्लॅस्टिकची पट्टी. "घे, तुझी रेघ चांगली येते," म्हणालात. ती माफी होती, की नुसतं कपाट रिकामं करत होतात? मी अनेकदा उलटसुलट विचार केलाय. दोन्ही बाजूंनी कुठेतरी पाणी मुरतंय असंच वाटतं.

आता ठाण्यात आमची कंपनी उंच इमारतींच्या पंपांना कंट्रोल बसवते. नळ जास्त उघडले की पंपाने वेग वाढवायचा, कमी उघडे असले की उतरायचं, दाब मात्र ढळू द्यायचा नाही. मार्जिन कमी पडलं की पंप वर-खाली गुरगुरत राहतो, पाइप आदळतात, सांधे फुटतात. परवाचा आलेख माजिवड्याच्या एका टॉवरचा. तो आणणारी मुलगी नवीन आहे, दिवा स्टेशनजवळ राहते, आणि तिला कायम करायचं की नाही हे माझ्या शेऱ्यावर ठरणार आहे. आलेखातला एकेक ठिपका रेघेवर शहाण्यासारखा बसला होता. पाणी इतकं शहाणं कधीच नसतं. शिवाय तिच्या बिल्डिंगला टँकर संध्याकाळी येतो, म्हणून ती सुटायच्या वेळेला घड्याळ बघत असते, हे मी केव्हाच टिपून ठेवलं होतं. 'घरी पळायची घाई असली की रीडिंग लवकर होतात वाटतं,' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, मॅडम. चाल तुमचीच होती. कसंबसं गिळलं.

"चल, एक रीडिंग परत घेऊ," मी म्हटलं.

तिने आलेख परत आपल्याकडे ओढला. "सर, मी काल गेलेली ना. तुम्हाला वाटतंय मी ऑफिसात बसून भरलंय?"

"तसं नाही."

"तसंच आहे. चला ना, मला काय."

आम्ही माजिवड्याला गेलो. पंपरूममधला माणूस तिला बघून हसला. "काय मॅडम, आज परत? काल बगीच्याची लाइन बंद करायला लावली, टाकीची भरणी थांबवली, मला चहाला पण सोडलं नाय. आज काय बंद करू?" म्हणजे ठिपके शहाणे का होते ते तिथेच कळलं. पाणी इकडेतिकडे जायची प्रत्येक वाट तिने आधी बंद केली होती. तरी मी लॅपटॉप लावायला सांगितला. पंपाला हलकी लाट दिली, दाबाची लाट परत आली, आणि ती किती मोठी, किती मागे, ते मोजलं. आकडा तिच्याच ठिपक्यावर येऊन बसला.

"अजून एक घेऊ का, सर?" तिने विचारलं. "आणि सकाळी सगळे नळ चालू असताना टेस्ट बाकीय, हे मी कालच बोललेली. तुम्ही ऐकलंच नाही." ते खरं होतं. जो प्रश्न मी विचारायला हवा होता तो तिने आधीच मांडला होता, आणि मी तिच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून बसलो होतो.

तिच्या कायम होण्याच्या कागदावर मी चांगला शेरा लिहिला. तिला म्हटलं, "रिपोर्ट चांगला आहे." ती मान हलवून गेली. चुकलं, एवढा एक शब्द तिला म्हणायचा होता, तो राहिला. आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि घड्याळ बघायचं असलं की मी जागेवर नाही याची खात्री करून बघते.

हे पत्र कुठे पाठवणार? ठाकुर्लीच्या तुमच्या घरात आता दुसरे लोक राहतात. पण एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, ती इथे लिहितो. पंपरूममध्ये आकडा स्थिरावत होता तेव्हा ती मुलगी खोटी निघावी अशी मी मनोमन प्रार्थना करत होतो. ती खोटी निघाली असती तर असा संशय घेणं हे जाणकाराचंच लक्षण ठरलं असतं, आणि मग तुम्ही माझ्याशी जे वागलात त्यालाही काही अर्थ राहिला असता. तिची नोकरी गेली असती, मॅडम, आणि मला ते चालणार होतं, फक्त तुम्ही बरोबर ठरावात म्हणून.