शंका निकाली काढल्या

१२ जानेवारी, रविवार
पक्कं झालं. येत्या ईस्टरला बाप्तिस्मा. फादर कुरियन हो म्हणाले. मागच्या जूनपासून दर रविवारी मंगरूळपीरच्या चर्चमध्ये धर्मशिक्षणाला बसतोय, आता शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही. थोड्या शंका आहेत, त्या ईस्टरपर्यंत निकाली काढायच्या. पंचायत समितीत इतकी वर्षं दुसरं काय केलं? माणूस अर्ज देतो, आपण निकाली काढतो. धर्मात काय वेगळं असणार.

एक गोष्ट स्पष्ट असू दे. हे सगळं मी स्वतःच्या बुद्धीने करतोय. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स रंजीता यांच्यासाठी नाही. त्यांनीच मागच्या उन्हाळ्यात सांगितलं होतं, लग्नाचं पाहू, पण माह्यासाठी धर्म बदलू नका, मनाले पटलं तरच या. मी म्हटलं, तुमचा याच्याशी काही संबंधच नाही. त्या खूश झाल्या. म्हणजे बरोबर बोललो.

१९ जानेवारी, रविवार
शंका पहिली. पवित्र मरियेची प्रार्थना कशाला, थेट देवाची का नाही? विचार केला. आमच्या बीडीओ साहेबांकडे थेट कोण जातं? त्यांच्या आईमार्फत शब्द टाकला की काम होतं. निकाली.

शंका दुसरी, शुद्धिस्थान. मेल्यावर लगेच स्वर्ग नाही, नरकही नाही, मधेच थांबायचं. याला आमच्याकडे प्रलंबित म्हणतात. ही तर चहा पिता पिता सुटली.

दोन्ही उत्तरं फादरना ऐकवली. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. फादर केरळचे, मराठी शाळेच्या पुस्तकातल्यासारखी बोलतात. म्हणाले, आपण घाई करू नये. मनावर घेतलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
गुडघे टेकणे. ही जड शंका आहे. आमच्या घरात कोणापुढे गुडघे टेकत नाहीत, ही आमच्या आजोबांची, उकंडआबांची शिकवण. शिवाय माझा उजवा गुडघा दुखतो. तोडगा काढला. बाकावर पुढे सरकून बसायचं, मागून बघणाऱ्याला गुडघे टेकल्यासारखंच वाटतं.

रंजीता पुढे गाणाऱ्यांत उभ्या असतात, त्यांना समोरून सगळं दिसतं, हे डोक्यात आलं नव्हतं. नंतर त्यांनी विचारलं, कंबर धरली काय? हो म्हटलं. त्यांनी मलम दिलं. मलम चांगलं आहे. गुडघ्याला लावतो.

५ मार्च, बुधवार
राखेचा बुधवार. उपासकाळ सुरू. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ताठ मानेने ऑफिसात गेलो. कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे पाठ केलं होतं. शिपाई दौलतसिंग म्हणाला, साहेब, डोक्शाले काय लागलं हो, आणि माझ्याच रुमालाने पुसून टाकलं. पाठ केलेलं वाया गेलं.

संकल्प: ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी मटण-चिकन बंद. सोपं आहे. मनाची ताकद लागते, ती आहे.

७ मार्च, शुक्रवार
इंझोरीला घरी गेलो. आईने मटण केलेलं. सांगितलं, आज चालत नाही. आई म्हणे, आपल्या घरातले उपास-तापास तुह्या आज्यानं काढून टाकले, तू ते पुन्हा कायले भरून राह्यला? म्हटलं, उपास नाही, त्याग आहे. आई म्हणे, मंग रस्सा तरी घे.

रस्सा मांसात मोडत नाही, असं माझं मत आहे. फादरना विचारणार नाही. चार तुकडे चुकून ताटात आले. आलेलं टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान.

जेवता जेवता आई म्हणाली, आबानं छप्पन साली एका दिवसात धर्म बदलला. पण त्याले कारण होतं. विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. तुले काय तरास हाय? म्हटलं, सत्याचा शोध. आई म्हणे, त्या नर्सबाईचं नाव काय म्हणे तू? मी हात धुवायला उठलो.

३० मार्च, रविवार
तीन आठवडे एकच शंका. मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, भाकर ख्रिस्ताचं शरीर होते. होते म्हणजे खरोखर होते, उपमा नाही. मी विज्ञान शाखेचा. झोप येत नाही, ऑफिसात कोणाच्या सह्या कोणाच्या कागदावर झाल्या तेही कळलं नाही.

शेवटी रंजीताला विचारलं. त्या म्हणाल्या, मलेही समजावून सांगता येत नाही, पण हातात घेतलं की जिवाले बरं वाटते. असं सांगताना त्यांचा चेहरा असा काही झाला की मी म्हटलं, समजलं. त्यांचे डोळे भरून आले. शंका निकाली. आज झोप लागणार.

३१ मार्च, सोमवार
लागली नाही.

६ एप्रिल, रविवार
फादरनी जाहीर केलं. पवित्र सप्ताहात बुधवारी सर्वांनी पापांची कबुली द्यायला यावं. सर्वांनी म्हणजे मीही आलो. आता हे काय? दुसऱ्या माणसाच्या कानाशी बसून आपलं चुकलं म्हणायचं. मी आजवर तसं कोणाला म्हटलेलं नाही, वेळच आली नाही. पापं आठवून पाहिली. शेजारी पांडे यांचीच जास्त आठवली.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. इंझोरीच्या मिरवणुकीत मनसोक्त नाचलो. गुडघा अजिबात दुखला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
उद्या कबुली. सराव पाहिजे. दुपारी दवाखान्यात पेशंट नव्हते. रंजीताला म्हटलं, तुम्ही पडद्याच्या तिकडे बसा, मी इकडे बसतो, फादर समजून बोलतो. त्या म्हणाल्या, कबुली म्हणजे खेळ नाही. फार विनवलं तेव्हा बसल्या. तिकडे बँडेजच्या घड्या घालत होत्या, तो आवाज येत होता.

सुरुवात छान झाली. एकाची फाईल मुद्दाम दाबली ते सांगितलं. शुक्रवारचं मटण सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. हलकं वाटायला लागलं. समोर माणूस दिसत नसला की जीभ सुटते, हे मला माहीत नव्हतं. म्हणालो, फादर, एकही शंका निकाली निघाली नाही, नुसत्या फायली बंद केल्या. भाकरीचं मला कधी पटलं नाही. देव आहे का, तेही माहीत नाही. रंजीता गाते तेव्हा असावा असं वाटतं, एवढंच. तिच्यासाठी काहीही हो म्हणायची माझी तयारी आहे.

घड्यांचा आवाज थांबला.

मला वाटलं, शेवटचं वाक्य ऐकून खूश होतील. त्या बाहेर आल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, आज माह्यासाठी देवाले हो म्हणून राह्यले. उद्या दुसऱ्या कोणासाठी मले नाही म्हणसान. मग बँडेजचा डबा उचलून आत गेल्या.

बोलण्यातला मुद्दा बिनतोड आहे.

१९ एप्रिल, शनिवार
ईस्टर उद्या, पण बाप्तिस्मा आदल्या संध्याकाळी, म्हणजे आज होता. दुपारी फादरना भेटून सांगितलं की मी येत नाही. बुधवारची कबुली चुकवली, आदल्या दिवशी सराव मात्र केला, तेही सांगितलं. फादर म्हणाले, आपणास कबुली द्यायचीच नव्हती. ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे, तो कबुली देतो. आपली सर्व पापं बाप्तिस्म्यातच धुतली जाणार होती. आपण सरावात ती कोणाला सांगितली?

सांगितलं कोणाला ते.

फादरनी चष्मा काढला, पुसला मात्र नाही. म्हणाले, लग्नासाठी बाप्तिस्म्याची आवश्यकताच नव्हती. बिशपांची परवानगी घेऊन तसंही लग्न लागतं. रंजीता मागच्या जूनमध्येच विचारून गेली होती, अर्जही मागून ठेवला होता. नंतर आपण वर्गाला येऊ लागलात, तेव्हा तीच म्हणाली, त्यांना सांगू नका, त्यांना मनापासून पटतं आहे, मी आड येणार नाही.

म्हणजे मी जसा होतो तसा चाललो असतो. मटण, गुडघा, सगळ्यासकट.

बाहेर बायका चर्चच्या पायऱ्या धूत होत्या. मग विचारलं, फादर, ती परवानगी अजून मिळेल का?

बिशपांची मिळेल, म्हणाले.